काळं मशीन, सोनेरी वेल आणि बावीस हजार

लालबागला राहणाऱ्या एका वाचक भगिनीचं पत्र आलंय. वय चोपन्न, बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेली. दोन वर्षांपासून त्या जुन्या सुती साड्यांच्या गोधड्या करतात, चौकोन-त्रिकोण जोडून, रंग जुळवून. आतापर्यंत सगळं हातानं केलं. आता बोटं दुखतात आणि नातेवाइकांच्या मागण्या काही थांबत नाहीत. अमेरिकेतल्या गोधडी करणाऱ्या बायका जुन्या काळ्या सिंगर मशीनचं कौतुक करतात, ते व्हिडिओ पाहून यांनाही तसंच मशीन हवंसं वाटलं. चोर बाजारात एक सापडलं. काळं कुळकुळीत, सोनेरी वेलबुट्टीचं, हातानं फिरवायचं. किंमत बावीस हजार. बिल्ल्यावर १८५१ लिहिलंय, म्हणजे पावणेदोनशे वर्षांचं ‘अँटिक’ आहे, असं दुकानदार सांगतो. मुलगा म्हणतो, पस्तीस हजारांत कॉम्प्युटरवालं नवं घे. त्यातच डोंबिवलीहून जाऊबाईंचा फोन आला, की सासूबाईंचं उषाचं पायमशीन पोटमाळ्यावर पडून आहे, दिवाळीच्या साफसफाईआधी न्या, नाहीतर भंगारात देऊ. गिरणी संपानंतर सासूबाईंनी त्याच मशीनवर ब्लाउज शिवून घर चालवलं होतं. भगिनी लिहितात, “ते गंजलंय, दिसायला काही खास नाही आणि माझ्या घरात स्टँडला जागा नाही. पण परक्याचं मशीन विकत आणायचं आणि घरचं भंगारात घालायचं, हे मनाला पटत नाही. मी काय करू?”

ताई,

आधी त्या बिल्ल्याचा निकाल लावू, कारण बावीस हजार त्याच्यावरच टांगलेत. १८५१ हे सिंगर कंपनी सुरू झाली ते साल. कंपनीला शंभर वर्षं झाली तेव्हा, म्हणजे १९५१च्या आसपास, बाहेर पडलेल्या मशिनांना निळ्या काठाचा खास बिल्ला लावला होता आणि त्यावर १८५१ आणि १९५१ अशी दोन्ही सालं होती. तुम्ही पुन्हा गेलात तर दुसरं साल शोधा, बहुधा मळाखाली दडलेलं सापडेल. तसं असेल तर मशीन साधारण पंचाहत्तर वर्षांचं आहे. दुकानदाराच्या हिशेबातली शंभर वर्षं तिथंच गळाली. त्याला लबाड म्हणायचीही गरज नाही, त्यालाही कुणीतरी हेच सांगितलं असेल.

वय पक्कं करायचं असेल तर मशीनच्या सपाट पाटावर उजवीकडं, उभ्या खांबाच्या पायथ्याशी, नंबर कोरलेला असतो. १९००च्या आधीच्या सिंगरवर नुसते आकडे असतात, त्यानंतर आकड्यांआधी अक्षरं आली. आपल्याकडची बरीच जुनी सिंगर स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या किलबोवी कारखान्यातली. हा कारखाना १८८५ ते १९८० चालला. सुरुवातीला एकटं ‘वाय’ असेल तर मशीन १९२२ ते १९३५ या काळातलं, आणि ‘ई’ला जोडून आणखी एक अक्षर असेल तर १९३५ नंतरचं. मॉडेलच्या आकड्यामागं ‘के’ दिसला, जसं १५के, ६६के, २०१के, तर तो किलबोवीचा.

पण पंचाहत्तर असोत की शंभर, वर्षांनी टीप सरळ पडत नाही. ही मशिनं लाखोंनी बनली. दुर्मीळ नाहीत, आणि वापरणाऱ्याच्या दृष्टीनं हीच त्यांची सर्वांत चांगली गोष्ट आहे. दुर्मीळ मशीन कपाटात ठेवायला ठीक, त्याची बॉबिन, म्हणजे खालच्या दोऱ्याची रिळ, हरवली की आपण हरलो. चोर बाजारातली किंमत शिवणाऱ्या बाईसाठी ठरत नाही. ती ठरते कॅफेच्या खिडकीत मशीन मांडणाऱ्यासाठी आणि लोखंडी स्टँडवर काच टाकून टेबल करणाऱ्यासाठी. त्या गिऱ्हाइकाला चाक फिरतं की नाही याच्याशी देणंघेणं नसतं, चकाकी हवी असते. म्हणून तिथली मशिनं पुष्कळदा नव्यानं रंगवलेली असतात आणि वेलबुट्टीही नवी चिकटवलेली असते. स्क्रूच्या खाचांत रंग भरलेला दिसला, किंवा सगळ्या मशीनवर नक्षी कोरी करकरीत आणि सुईपाशी, जिथं कापड आणि हात वर्षानुवर्षं घासतात तिथंही तितकीच कोरी, तर काय झालंय ते समजून जा.

तुम्ही पाहिलेल्या व्हिडिओंबद्दलही थोडं बोलते. अमेरिकेतल्या गोधडीवाल्यांचा जीव ज्या मशीनवर असतो ते बहुतेक वेळा सिंगर २२१, म्हणजे ‘फेदरवेट’. १९३३ साली ते बाजारात आलं. वजन जेमतेम पाच किलो, पेटीत घालून क्लासला न्यायला सोपं, टीप सुरेख. त्यांच्या प्रेमाला कारण आहे. पण त्याची बॉबिन वेगळी, सुई आणि खांबामधली जागा कमी, आणि अमेरिकेतून आलेलं असेल तर ते ११० व्होल्टचं असतं. आपल्या २३० व्होल्टला तसंच जोडलंत तर मोटर जळालीच म्हणून समजा. तिथल्या बायकांनी त्यांच्या गल्लीत मिळणाऱ्या मशीनवर प्रेम केलं. आपण आपल्या गल्लीत काय मिळतं ते बघायला हवं.

त्या जुन्या मशिनांचा गुण मात्र खरा आहे, आणि त्यामागचं कारण अगदी साधं. ही मशिनं फक्त सरळ टीप घालतात. झिगझॅग, म्हणजे नागमोडी टीप, नाही, त्यामुळं सुईखालच्या पट्टीला एकच बारीक गोल भोक. झिगझॅगच्या मशीनला सुई डावी-उजवी हलावी म्हणून आडवी फट असते, आणि तुमच्या त्रिकोणाचं टोक नेमकं त्या फटीत ओढलं जाऊन चुरगळतं. गोल भोकाच्या मशीनवर टोक आत जात नाही आणि टीप रेषेवर राहते. तुकडे जोडताना पाव इंचाचं मार्जिन प्रत्येक जोडाला सारखं पडलं नाही तर बाराव्या चौकोनाला कोपरे जुळत नाहीत, हे तुम्हाला मी सांगायला नको. तिथं हे मशीन कामाला येतं.

आता तुमच्या पोटमाळ्याकडं वळू.

सासूबाईंचं मशीन ‘दिसायला काही खास नाही’ असं तुम्ही लिहिलंय. उषा मशीन जय इंजिनिअरिंग वर्क्सचं. कोलकात्याच्या या कंपनीनं १९३०च्या दशकात भारतात शिलाई मशिनं बनवायला घेतली. आपल्या घरोघरी दिसणारी सरळ टिपेची काळी मशिनं, उषा असो, रिटा असो की आणखी कुठली, ही बहुतेक सिंगरच्या ‘१५’ नंबरच्या ठेवणीवर बेतलेली असतात. डाव्या बाजूची झाकणपट्टी सरकवली आणि बॉबिन केस डावीकडून आत बसत असेल तर तुमचंही त्याच कुळातलं. म्हणजे ज्या यंत्ररचनेसाठी तुम्ही चोर बाजारात बावीस हजार मोजायला निघालात, तीच डोंबिवलीत पडून असण्याची शक्यता मोठी आहे, फक्त सोनेरी वेल थोडी साधी असेल. आणि १५च्या बॉबिन, बॉबिन केस, शटल, कापड सरकवणारे दात, कापड दाबून धरणारा फूट या गोष्टी आजही शिवणाच्या साहित्याच्या कुठल्याही दुकानात मिळतात. पंचाहत्तर वर्षांच्या सिंगर १५केलाही बहुधा तेच बसतात. घ्यायचं झालं तर याच घराण्यातलं घ्या, असं मी चोर बाजाराबद्दलही म्हणेन. तिथं कधी लांबट, बंदुकीच्या गोळीसारख्या शटलची सिंगर दिसते, २७ किंवा १२७ नंबरची, नक्षीत स्फिंक्स वगैरे. मोहात पाडते. पण तिची लांब बॉबिन शोधत फिरावं लागतं. पहिलंच मशीन म्हणून ती नको.

मला तुमच्या पत्रातलं दुसरंच एक वाक्य जास्त खटकलं. घरचं भंगारात आणि परक्याचं घरात, हे तुम्हाला विश्वासघातासारखं वाटतंय. पण त्या मशीनवर सासूबाईंचं प्रेम होतं की नाइलाज, हे तुम्हाला ठाऊक आहे का? १९८२च्या संपानंतर गिरणगावात कितीतरी घरं शिलाईवर चालली. रात्री अकरापर्यंत दुसऱ्यांचे ब्लाउज शिवणाऱ्या बाईला ते मशीन प्रिय असेलही, किंवा आयुष्यात पुन्हा त्याचं तोंड पाहू नये असंही वाटलं असेल. दोन्ही खरं असू शकतं. तुमच्या यजमानांना विचारा, दिरांना विचारा. ते लहान होते, पण आई कुठं बसायची, काय पुटपुटायची हे मुलांच्या लक्षात राहतं. उत्तर काही मिळालं तरी मशीन ठेवायचं की नाही हे त्यानं ठरवू नका. ते टीप घालतं की नाही यानं ठरवा. जे मशीन चालतच नाही ते ऋण म्हणून लालबागच्या लहान घरात वर्षानुवर्षं ठेवणं म्हणजे रोज त्याच्याभोवती वळसा घालून जाणं.

तेव्हा डोंबिवलीला जा, पण हातात सामान घेऊन. मशीनचं पातळ तेल, एक मध्यम स्क्रूड्रायव्हर, जुनी सुती चिंधी, चौदा नंबरच्या घरगुती मशीनच्या नव्या सुया, लाल आणि पांढरा असे दोन रंगांचे दोरे, आणि तुमच्या गोधडीच्याच कापडाचे तुकडे. चाक फिरवून बघा, नेहमी आपल्याकडं. पूर्ण अडकलं असेल तर घाबरू नका, जोरही लावू नका. आपल्याकडं घराघरांत मशीनला खोबरेल तेल घालायची पद्धत होती. ते वर्षानुवर्षं पडून राहिलं की चिकट होऊन वाळतं आणि सगळे सांधे गोंदासारखं धरून ठेवतं. याला गंज समजून लोक मशीन भंगारात देतात. तेलाच्या प्रत्येक भोकात मशीनचं तेल सोडा, एखादा दिवस राहू द्या, मग चाक पुढं-मागं हलवत सोडवा. कारागीर चिकटा काढायला आतल्या लोखंडी भागांत रॉकेल वापरतात. ते कामाचं आहे, पण खिडकी उघडी हवी, गॅस बंद हवा आणि नंतर पुन्हा तेल घालायला हवं.

एक धोका मात्र लक्षात ठेवा, विशेषतः जुन्या सिंगरच्या बाबतीत. नक्षीवर लाखेचा पारदर्शक थर असतो. स्पिरिट किंवा सॅनिटायझर लावलं की तो विरघळतो आणि सोनेरी वेल चिंधीवर येते. काळा भाग पुसायला मशीनचंच तेल आणि मऊ फडकं पुरे.

चाक सैल झालं की टिपेची परीक्षा. वर लाल दोरा, बॉबिनमध्ये पांढरा. कापडाच्या वरच्या बाजूला फक्त लाल दिसावा, खालच्या बाजूला फक्त पांढरा, गाठ दोन थरांच्या मध्ये लपावी. खाली लाल फासे दिसले तर वरचं टेन्शन, म्हणजे दोऱ्याचा ताण, सैल आहे, किंवा दोरा टेन्शनच्या चकत्यांमध्ये बसलेलाच नाही. दोरा ओवताना फूट वर उचललेला असायला हवा, नाहीतर चकत्या दाबलेल्या राहतात आणि दोरा आत जात नाही. टाके सुटत असतील तर आधी सुई बदला, मग सुईची चपटी बाजू बरोबर बसली आहे का बघा. मेकॅनिकला बोलावण्याआधी या दोन गोष्टी केल्या तर पुष्कळदा बोलवावंच लागत नाही. हे सगळं करूनही दोरा पिंजत असेल तर शटल आणि त्याचं घर बोट फिरवून तपासा. गंजानं खड्डे पडले असतील तर शटल बदलायचं. महाग वस्तू नाही. मग आधी दोन थर, नंतर मधे जुनी साडी घालून तीन थर, अशी टीप घालून बघा. हेडच्या, म्हणजे स्टँडवरच्या मुख्य मशीनच्या, लोखंडाला तडा असेल, किंवा सुईचा दांडा डावी-उजवी खुळखुळत असेल, तर मात्र मन घट्ट करून जाऊबाईंना भंगारवाल्याला बोलवायला सांगा. तेव्हा अपराधी वाटायचं कारण नाही.

समजा, मशीन चालतंय. मग स्टँडचा प्रश्न. पायमशीनचं हेड मागच्या दोन बिजागऱ्यांवर उभं असतं, स्क्रू सैल करून ते निघतं. दहा किलोंच्या वर वजन असतं, म्हणून टॅक्सीनं आणा. सव्वानऊच्या डोंबिवली फास्टमध्ये ते घेऊन चढू नका, हे सांगायलाच हवं असं नाही, पण तुमच्या पत्रातला उत्साह बघून सांगते. हे हेड पेटीसारख्या लाकडी बैठकीत बसवता येतं आणि त्याला हातचाक किंवा बाहेरून छोटी मोटर लावता येते. कोणतं घ्यायचं? हातचाक स्वस्त, शांत, आणि एकेक टाका मोजून पुढं जाता येतं. चौकोन जोडायला उत्तम. पण उजवा हात चाकाला गेला की कापड धरायला एकच हात उरतो. पलंगाएवढी तीन थरांची गोधडी एका हातानं सरळ ढकलायची म्हणजे कसरत. चोर बाजारातल्या मशीनलाही हाच तोटा आहे. पायडल असेल किंवा मोटर असेल तर दोन्ही हात मोकळे राहतात. तुमची बोटं दुखतात म्हणून मला मोटर बरी वाटते. गुडघे ठीक असतील तर पायडलसारखं सुख नाही, रात्री वीज गेली तरी चालतं, आणि मशीन खाली पाडलेलं स्टँड म्हणजे घरातलं एक टेबलच. तुमच्या घरात सध्या कॉम्प्युटर किंवा टीव्ही ज्यावर आहे ते टेबल काढून तिथं ते मावतं का, हे एकदा फीतपट्टीनं मोजून बघा. ‘जागा नाही’ हे आपण बऱ्याचदा न मोजताच म्हणतो. पण खरंच मावत नसेल तर स्टँड डोंबिवलीतच सोडा, काही पाप लागत नाही. कॅफेवाले आहेतच.

मुलाच्या सूचनेवर मी फुली मारणार नाही. तो आईला नवं घेऊन द्यायला निघालाय, हे आधी मोजा. त्या मशीनला दिवा असतो, झिगझॅग असतं, थांबल्यावर सुई खालीच राहते, आणि कापडी फुलं-पानं लावून गोधडी करायची झाली तर झिगझॅग सोयीचं पडतं. सरळ टिपेचं जुनं मशीन ते करत नाही. दुसऱ्या बाजूनं, आतला सर्किट बोर्ड गेला की तो भाग मिळेपर्यंत काम थांबतं, आणि परळच्या एखाद्या अनुभवी मेकॅनिकच्या हाताला तिथं काही करता येत नाही. तुमच्या कामात सध्या सरळ जोडाशिवाय काही नाही. म्हणून वर्षभर थांबा. तुम्हाला झिगझॅगवाचून अडलंय असं चार-पाच वेळा झालं तर मुलाचं ऐका. तोवर त्याच्याकडून मोटर, दिवा आणि वॉकिंग फूट या तीन गोष्टी मागून घ्या. वॉकिंग फूट म्हणजे वरच्या थरालाही दात लावणारा फूट. तो नसला की तीन थरांमध्ये वरचा थर पुढं सरकत जातो आणि शेवटी एका बाजूला पोकळी येते. १५च्या मशिनांना कमी उंचीच्या दांड्याचा फूट लागतो, दुकानात तसं सांगून मागा.

आणखी एक विचारू का? सगळी गोधडी मशीननंच पुरी करायची, असं तुम्ही गृहीत धरलंय. का? जोडणी हे मशीनचं काम, कंटाळवाणं आणि अचूक. पण तीन थर एकत्र बांधणारा धावदोरा, जो आपल्याकडच्या बायका काठापासून आत-आत घालत मध्यापर्यंत नेतात, तो हातानं घातला तर गोधडी मऊ पडते. मशीनच्या घट्ट टिपेनं जुन्या साडीची गोधडी कडक होते, आणि जीर्ण साडी सुईच्या ओळीवर फाटतेही. बोटं दुखत होती ती बहुधा जोडणीच्या शेकडो बारीक टाक्यांनी. तेवढं मशीनकडं दिलं तर धावदोरा सैल हातानं, मोठ्या टाक्यानं घालता येईल. नातेवाइकांच्या मागण्यांसाठी मात्र सगळं मशीनवर करा. ज्यांनी ‘एवढी तरी करून दे’ म्हटलंय त्यांना हातचे टाके कशाला?

इथं सिंगरच्या बाजूनंही थोडं बोलायला हवं, कारण तुम्हाला त्या मशीनचा मोह झाला तो खोटा नाही. यंत्रांवर एवढी टीका करणाऱ्या गांधीजींनी १९२४ साली सिंगरच्या शिवणयंत्राला अपवाद ठरवलं होतं. सिंगरनं बायकोचे शिवणाचे कष्ट पाहून, तिच्यावरच्या प्रेमापोटी ते बनवलं, असं ते म्हणाले होते. कंपनीचा संस्थापक आयझॅक सिंगर याचे एकाच वेळी चाललेले संसार पाहता हा जरा उदार अर्थ होता. आणि यंत्राचं पेटंट एलियास हाव यांनी आधीच, १८४६ मध्ये, घेतलेलं होतं. पण यंत्राचं कौतुक योग्यच. हिंदुस्थानात सिंगरचा कारभार कित्येक दशकं नसरवानजी मेरवानजी पटेल या पारशी गृहस्थांनी पाहिला, आणि हप्त्यांनी विकल्यामुळं मशीन राजवाड्यापुरतं न राहता शिंप्याच्या ओट्यावर आणि घरात आलं. म्हणून ते आपल्याला आजीच्या वस्तूसारखं ओळखीचं वाटतं.

तेव्हा सासूबाईंचं मशीन निकामी निघालं, किंवा तरीही तुम्हाला ते काळं-सोनेरीच हवं असेल, तर घ्या. हौस म्हणून घ्या, त्याला कुठल्या कारणाची गरज नाही. फक्त शिवणाऱ्या बाईसारखं घ्या. शुक्रवारी चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटवरची दुकानं बंद असतात, त्या दिवशीचा पहाटेचा जुम्मा बाजार रस्त्यावर भरतो, आणि तिथं मशीन तपासायला ना जागा ना वेळ. आठवड्यातल्या दुसऱ्या कुठल्याही दिवशी दुपारी जा, वर सांगितलेले दोन रंगांचे दोरे आणि तुमचं कापड घेऊन. दुकानदाराला म्हणा, टीप घालून दाखवा. दाखवता येत नसेल तर ती शोभेची वस्तू, आणि तिचा भाव शोभेचाच. बॉबिन केस आहे का, झाकणपट्ट्या दोन्ही आहेत का, हातचाकाचे दात झिजलेत का, हे तुम्हीच बघा. मोटर असेल तर जुन्या वायरींचं रबर कडक होऊन तडकलेलं असतं, ती वायर बदलेपर्यंत प्लगला लावू नका. आणि १८५१चा विषय हसून काढा, ओरडून नव्हे. बिल्ल्यावरचं दुसरं साल बोटानं दाखवलं की भाव आपोआप खाली येतो.

मशीन कुठलंही आलं तरी एक लालबागपुरतं सांगते. समुद्राची हवा आणि पावसाळा लोखंडाला सोडत नाही. जूनपासून आठवड्यातून एकदा तेल घाला आणि पाच मिनिटं नुसतंच चालवा. शिवायचं नसलं तरी चालवा. प्लास्टिकचं झाकण घालू नका, आत दमट राहतं. जुनी सुती साडीच टाका, तुमच्याकडं तिची काय कमी? पायमशीन ठेवलंत तर चामड्याचा पट्टा हळूहळू ताणून सैल होतो आणि चाक घसरतं. थोडा कापून, भोक पाडून, तारेची क्लिप पुन्हा लावायची. शिंपी दोन मिनिटांत करतो, एकदा बघून घ्या म्हणजे पुढच्या वेळी तुम्हीच कराल.

टिपेची लांबी जोडणीसाठी इंचाला दहा-बारा टाके ठेवा, आणि पाव इंचासाठी सुईखाली फूटपट्टी धरून, सुईपासून बरोबर पाव इंचावर पाटावर कागदी चिकटपट्टीची कड लावा. नव्या मशीनमागं लागून महागडे फूट घेण्याआधी हे करून बघा. बरं जमतं.

जाऊबाईंना आजच फोन करा. म्हणा, येत्या रविवारी येते, तोवर भंगारवाल्याला थोपवा, आणि कुणालाही त्याला खोबरेल घालू देऊ नका.